क्लोद लोरॅं यांच्या शाईतल्या निसर्गाविषयी

सतराव्या शतकात रोममध्ये आयुष्य घालवलेल्या क्लोद लोरॅं या चित्रकाराच्या शाई-वॉशमधल्या, म्हणजे पाण्याने पातळ केलेली शाई कुंचल्याने पसरवून केलेल्या, निसर्गरेखाटनांविषयी एक मत वारंवार मांडले जाते: ही रेखाटने म्हणजे तैलचित्रांपूर्वीची कच्ची टिपणे होत, त्यांचा तपकिरीपणा केवळ काळाने आलेला आहे आणि त्यांतला निसर्ग खोलीत बसून साच्यातून काढलेला आहे.

पहिला मुद्दा त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध संग्रहापुढेच टिकत नाही. ‘लिबर व्हेरितातिस’ या, आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या वहीतील १९५ रेखाटने मुख्यतः चित्र पूर्ण झाल्यानंतर काढलेली आहेत. लोरॅं यांची नक्कल करून बनावट चित्रे विकली जाऊ लागल्याने त्यांनी ही नोंद ठेवली, असे त्यांचे चरित्रकार बाल्दिनुच्ची सांगतात. अनेक पानांमागे चित्र कोणासाठी केले याचीही नोंद आहे. तयारीची रेखाटने त्यांनी केली नाहीत असे नव्हे, पण सगळ्याच रेखाटनांना कच्चे ठरवणे चुकीचे आहे.

तपकिरीपणाबद्दल थोडक्यात सांगता येईल. मायफळ आणि लोहक्षार यांची काळी शाई कालांतराने तपकिरी पडते, हे खरे. परंतु लाकडाच्या काजळीपासून केलेला बिस्टर हा रंग मुळातच तपकिरी असतो आणि तो त्या काळी सर्रास वापरला जाई. शिवाय त्या वहीतली बरीच पाने निळ्या कागदाची आहेत व त्यांवर पांढऱ्या रंगाने उजेड उठवलेला आहे. रंगसंगतीचा इतका विचार करणाऱ्याच्या छटा केवळ काळावर सोपवता येत नाहीत.

साच्याचा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण साचा खरोखरच आहे. कडेला गडद झाडे, मध्ये पाणी किंवा पूल, पलीकडे विरत जाणारे डोंगर ही मांडणी त्यांनी पुन्हा पुन्हा वापरली. पण तीत भरलेला उजेड बाहेरून, प्रत्यक्ष पाहून आलेला आहे. त्यांचे स्नेही सँड्रार्ट यांनी १६७५ मध्ये लिहून ठेवले आहे की लोरॅं पहाटेपूर्वीपासून रात्रीपर्यंत माळरानावर पडून आकाशाच्या छटा न्याहाळत असत. रोममधल्या मोंते मारिओ टेकडीवरून दिसणारे टायबर नदीचे त्यांचे दृश्य, साधारण १६४० चे, पाहावे: ते मुख्यतः कुंचल्याने, तपकिरी वॉशमध्येच केलेले आहे. पांढरा रंग न वापरता केलेल्या निव्वळ वॉशमध्ये उजेड वरून चढवता येत नाही. तो कोऱ्या कागदाच्या रूपाने आधीच राखून ठेवावा लागतो आणि एकदा वाळलेला गडद थर सहजासहजी मागे घेता येत नाही. म्हणून कोणता भाग उजळ राहणार, हे कुंचला टेकण्यापूर्वीच चित्रकाराला ठाऊक असावे लागते. हे ज्ञान साच्यातून मिळत नाही. काल्पनिक मंदिरे आणि पुराणकथेतील माणसे असलेल्या पानांवर झाडांच्या कडा मागच्या प्रकाशात ज्या तऱ्हेने विरघळतात, ती रोमच्या परिसरात सूर्य खाली असताना पाहून शिकलेली आहे. आदर्श आहे ती मांडणी. प्रकाश पाहिलेला आहे.