फक्त हा एक नोड सरकवतो

कोडच्या ओळी लिहिण्याचा जाच नको म्हणून चौकोन आणि वायरींचं प्रोग्रामिंग निघालं. पडद्यावर नोड, म्हणजे हे चौकोन, ठेवायचे, एकाच्या उजव्या कडेतून वायर ओढून दुसऱ्याच्या डाव्या कडेला चिकटवायची, की काम झालं. अशा साधनांपैकी १९८६ मध्ये लॅबव्ह्यू आलं, २०१३ मध्ये नोड-रेड. काम होतंही पटकन. पण ते झाल्यावर खरं काम सुरू होतं, ते म्हणजे आवरणं.

सेन्सरचा आकडा आला, मर्यादेबाहेर गेला, तर निरोप पाठवायचा, एवढाच माझा फ्लो, म्हणजे जोडलेल्या नोडांची साखळी. तो चालतोय. पण मधला नोड रेषेपेक्षा किंचित खाली आहे. तो वर घेतला की त्याची वायर शेजारच्या नोडच्या पोटातून जाते. शेजारी उजवीकडे सरकवला की त्याच्या पुढची सगळी वरात उजवीकडे. शिवाय नोडला नीट समजेल असं नाव दिलं की तो नावाएवढा रुंद होतो. त्यामुळे हल्ली मी नावं अर्थ बघून नाही, माप बघून ठेवतो. ‘तपास’ हे नाव काय तपासतं ते सांगत नाही, पण बसतं छान.

सगळ्यात वैताग उलट्या वायरीचा. चूक आली तर पुन्हा प्रयत्न कर, म्हणून शेवटच्या नोडपासून पहिल्याकडे वायर न्यावी, तर ती अख्ख्या फ्लोला वळसा घालून, सगळ्यांच्या डोक्यावरून जाते. यावर लिंक नोडचा उपाय आहे: इकडे एक ठेवा, तिकडे एक ठेवा, मधली वायर दिसतच नाही. पसारा पलंगाखाली ढकलण्याचाच हा प्रकार, पण पाहुण्यांसमोर चालून जातो.

गणितवाले मात्र माझ्या बाजूचे आहेत. तीन नोड डावीकडे, तीन उजवीकडे आणि डावीकडच्या प्रत्येकाची वायर उजवीकडच्या प्रत्येकाला, हे चित्र कागदावर एकही वायर दुसरीला न छेदता काढताच येत नाही. पुढे १९८३ मध्ये गॅरी आणि जॉन्सन यांनी दाखवलं, की कमीत कमी किती छेदांत भागेल हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे संगणकालाही घाम फोडणाऱ्यांपैकी. हे वाचल्यापासून मी उशिराचं कारण सांगताना खाली बघत नाही.

‘आपोआप मांडणी’चं बटण असतंच की, असं कुणीतरी म्हणतंच. दाबून बघा. ते नोडचे सुबक थर लावतं आणि छेद कमी करतं, पण हे दोन नोड मी मुद्दाम जवळ ठेवले होते, कारण एकाला हात लावला की दुसराही बघावा लागतो, हे त्याला कोण सांगणार? बटणानंतर माझा फ्लो देखणा असतो आणि मला तो ओळखू येत नाही. मग कंट्रोल-झेड.

यंत्राला मांडणीशी घेणंदेणं नसतं, असं समजून मी निर्धास्त होतो. मग मॅक्सची गोष्ट कळली. संगीताच्या या साधनात एकाच तोंडातून अनेक वायरी निघाल्या, तर निरोप आधी उजवीकडच्या चौकोनाला जातो, मग डावीकडच्याला. म्हणजे शोभेसाठी दोन चौकोनांची अदलाबदल केली, तर प्रोग्रामच बदलतो. तिथे आवरणं ही हौस नाही, शस्त्रक्रिया आहे.

नोड-रेडमध्ये तेवढी भीती नाही. फक्त नोडची जागा फ्लोच्या फाइलमध्येच लिहिलेली असते, त्यामुळे सरकवलेला प्रत्येक नोड बदल म्हणून गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, दिसतो. तपासणीला बसलेल्या सहकाऱ्यानं स्क्रोल करत विचारलं, “एवढं काय बदललंस रे?”

“काही नाही.”

“मग आधी चालत नव्हतं का?”

“चालत होतं की.”

त्यानं माझ्याकडे बघितलं, बदल मंजूर केले, आणि संध्याकाळी त्याच फ्लोत स्वतःचा एक नोड घालताना बाकीचे सगळे उभे लावून टाकले. त्याला म्हणे वरून खाली वाचायला बरं पडतं.