आधी पासवर्ड बदला
इंटरनेटला जोडलेल्या घरगुती वस्तूंवरच्या तुमच्या लेखात स्मार्ट बल्ब, कॅमेरे, घड्याळं यांच्या सोयी छान सांगितल्यात, पण सुरक्षेवर जेमतेम एक ओळ आहे, हे खटकलं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) असेच लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. कसे? तर कंपनीने घालून दिलेले पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते! त्या ऑक्टोबरमध्ये याच उपकरणांमार्फत, वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन (Dyn) कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससुद्धा अनेकांना उघडेनात. ब्रिटनने २०२४ पासून असे सरसकट सारखे पासवर्ड कायद्यानेच बंद केले, फार योग्य केलं. म्हणून अशा वस्तू घेऊच नयेत असं नाही; पाण्याची गळती ओळखणारा सेन्सर जरूर घ्या, खरंच उपयोगी वस्तू आहे. फक्त सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं मिळणार, हे घेण्याआधी विचारा.