पेपर खाजगी आहे, म्हणे!

सकाळी सव्वासहाला तात्यांचा फॉरवर्ड. आमचे तात्या म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डात उभी हयात हळदीची अडत केलेला माणूस. मजकूर असा: हुकूमशहाचे पेपर सरकारी असतात, खाजगी पेपर सरकारच्या ताटाखालचं मांजर होऊच शकत नाही. कारण मालक नफा बघतो, सेन्सॉर नसेल तिथे दडपण नसतं, आणि सगळे पेपर एकच सांगत असतील तर ते खरंच असणार.

नफा? नोव्हेंबर २०१८ मध्ये हंगेरीत पंतप्रधान ऑर्बान यांच्या मर्जीतल्या मालकांनी आपले पेपर, रेडिओ, वेबसाइट अशी चारशेहून जास्त माध्यमं एका प्रतिष्ठानाला दान केली. दान! छदाम न घेता. तात्या, तुमच्या सौद्यात नमुन्याची चार हळकुंडं तरी कुणी अशी सोडतो का? लगेच डिसेंबरात सरकारने हा व्यवहार राष्ट्रीय महत्त्वाचा ठरवला, म्हणजे मक्तेदारीची चौकशीच नको. आपल्याकडच्या जिल्हा पेपरांसारखे तिथले गावोगावचे पेपरही त्यात गेले. कागदोपत्री सगळं खाजगीच. नफा ते बघत होतेच, फक्त तो पेपरातला नव्हता. देणाऱ्यांतले मोठे नाव लोरिंत्स मेसारोश, ऑर्बान यांच्या गावचे, एके काळी गॅसजोडणीची कामं करणारे. सरकारी कंत्राटांवर ते देशातले सगळ्यात श्रीमंत झाले. आपल्या भरभराटीत देव, नशीब आणि ऑर्बान यांचा वाटा आहे, असं ते स्वतःच बोलून गेलेत!

सेन्सॉरचं म्हणाल तर 'नेपसाबादशाग' हा तिथला मोठा विरोधी पेपर ऑक्टोबर २०१६ मध्ये मालकानेच एका शनिवारी बंद केला. ऑफिस हलवायचंय म्हणून लोकांना सामान बांधायला लावलं होतं. सेन्सॉर लागलाच कुठे?

एक मात्र मान्य करतो, नाइलाजाने. आणीबाणीत २८ जून १९७५ ला 'इंडियन एक्सप्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली, ते मालक गोयंका सरकारच्या दावणीला नव्हते म्हणून. पण मग प्रश्न मालक खाजगी आहे का हा नाही, त्याचे बाकीचे धंदे कुणाच्या हातात आहेत हा आहे.

राहिलं 'सगळे एकच सांगतात'. जून २०१३ मध्ये इस्तंबूलमध्ये निदर्शनं पेटलेली असताना तुर्कस्तानातल्या सात पेपरांनी एकाच दिवशी तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन यांच्या भाषणातला एकच मथळा छापला. सौद्याला सात व्यापाऱ्यांनी पैशाचाही फरक न करता एकच दर पुकारला, तर त्याला काय म्हणतात हे मला तात्यांनीच शिकवलंय.