मायर आडनावाची दोन मुळे: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘मायर’ या आडनावावरच्या माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी आपले आक्षेप आधी थोडक्यात मांडतो. आपण म्हणता की मायर हे जर्मन आडनाव मूळचे लॅटिन असून त्याला लॅटिन आणि हिब्रू अशी दोन मुळे आहेत असे म्हणणे हा विनाकारण गुंता आहे. ज्यूंनी ते जर्मन समाजात मिसळून जाण्यासाठी उचलले. आपल्या परिचयातील एका मायर आडनावाच्या गृहस्थांच्या डीएनए चाचणीत ४८ टक्के अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातील) ज्यू वंश निघाला, त्यावरून आडनावातून वंश कळतो हे सिद्ध होते. आणि अश्केनाझी ज्यू मुळात खजर (कॅस्पियन समुद्राजवळच्या जुन्या राज्याचे लोक) असल्यामुळे हिब्रू मुळाची चर्चाच फोल आहे. याखेरीज माझ्या लेखातील सालाची एक चूक आपण दाखवून दिली आहे.

त्या चुकीपासूनच सुरुवात करतो, कारण तेथे आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. ‘१८१२ साली जर्मनीतील ज्यूंना कायमची आडनावे घ्यावी लागली’ असे मी लिहिले होते. १८१२ चा आदेश फक्त प्रशिया या एका जर्मन राज्याचा होता आणि तेव्हा एकसंध जर्मनी अस्तित्वातच नव्हती. ऑस्ट्रियात दुसऱ्या जोसेफने १७८७ मध्येच हा हुकूम काढला होता. ऱ्हाइनच्या पश्चिमेकडील मुलूख फ्रेंचांच्या ताब्यात असल्यामुळे तेथे नेपोलियनचा जुलै १८०८ चा आदेश लागू झाला. बाडेनमध्ये १८०९, बव्हेरियात १८१३, व्युर्टेम्बर्गमध्ये १८२८ आणि सॅक्सनीत तर थेट १८३४ साल उजाडले. जवळजवळ अर्ध्या शतकाच्या या अंतरात एकाच घराण्याच्या दोन शाखा दोन संस्थानांत राहत असतील, तर त्यांची आडनावे वेगवेगळी पडणे सहज शक्य होते. त्यामुळे ही चूक किरकोळ नाही. मूळ लेखातील ते वाक्य मी दुरुस्त केले आहे.

आता मुळांविषयी. ‘मायर’ हा शब्द लॅटिन ‘मायोर’वरून जर्मनमध्ये आला, हे आपले म्हणणे ख्रिस्ती जर्मन घराण्यांपुरते बरोबरच आहे. सरदाराच्या किंवा मठाच्या जमिनीचा कारभार पाहणारा, कुळांकडून धान्य व पैसा वसूल करणारा जो कारभारी, तो मायर. पुढे मोठी शेती कसणाऱ्या कुळालाही तेच नाव मिळाले. असा कारभारी गावोगाव होता, म्हणून हे आडनावही एका घराण्यातून न पसरता शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे पडले. आपल्याकडील सगळे पाटील किंवा सगळे कुलकर्णी एका पूर्वजाचे वंशज नाहीत, तसेच हे आहे. नीडरमायर, ओबरमायर, ब्रिंकमायर अशी जोडनावे झाली ती या गर्दीतून एका मायरला दुसऱ्यापासून वेगळे ओळखण्यासाठीच.

ज्यू घराण्यांची वाट मात्र निराळी आहे. हिब्रूत ‘ओर’ म्हणजे प्रकाश आणि ‘मेईर’ म्हणजे प्रकाश देणारा. हे व्यक्तीचे नाव आहे, आणि ते जुने आहे. दुसऱ्या शतकातील प्रसिद्ध धर्मपंडित रब्बी मेईर यांचे हेच नाव होते. जर्मन भूमीवरचे उदाहरण हवे असेल तर रोथेनबुर्गचे रब्बी मेईर घ्यावेत. जर्मन राजा पहिला रुडॉल्फ याने १२८६ मध्ये त्यांना पकडवले, आणि १२९३ मध्ये आल्सासमधील एन्सिसहाइमच्या किल्ल्यात कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा देह चौदा वर्षे समाजाच्या हाती लागला नाही. १३०७ मध्ये एका ज्यू गृहस्थाने खंडणी भरून तो सोडवला आणि वर्म्सच्या कबरस्तानात दफन केला. पुढे त्या गृहस्थालाही त्यांच्या शेजारीच जागा मिळाली. त्या दोन कबरी आजही जवळजवळ उभ्या आहेत. आडनावांचे कायदे होण्यापूर्वी पाचशे वर्षे हे नाव जर्मन ज्यूंच्या घरात इतके आदराचे होते. म्हणून ते मिसळून जाण्यासाठी बाहेरून उचलले, ही कल्पना मला स्वीकारता येत नाही.

घडले ते साधारण असे. आडनाव नसताना माणसाची ओळख ‘इसाक, मेईरचा मुलगा’ अशी होती. बोलीत ते ‘इसाक मायर’ झाले. कायदा आला तेव्हा वडिलांचे किंवा आजोबांचे नाव हेच कित्येकांनी आडनाव म्हणून नोंदवले, आणि कारकुनाने ते शेजारच्या ख्रिस्ती मायरच्या नावासारखेच लिहिले. आपल्या आक्षेपात सत्याचा एक अंश आहे तो येथे: हे नाव जर्मन कानाला परके वाटत नव्हते, आणि ही सोय अनेकांना नक्कीच जाणवली असेल. तरीही सोय हे नाव टिकण्याचे कारण झाले, नावाचे मूळ नव्हे. संगीतकार मायरबेअर यांचे जन्मनाव याकोब लीबमान बेअर. आईच्या वडिलांच्या, लीबमान मायर वुल्फ यांच्या नावातील ‘मायर’ त्यांनी आपल्या ‘बेअर’ला जोडला. गोल्डा मेयरसन यांनी १९५६ मध्ये परराष्ट्रमंत्री होताना पतीकडून आलेल्या आडनावाचे हिब्रू रूप घेतले आणि त्या गोल्डा मेईर झाल्या. हे मूळ शब्दाकडे परतणेच होते.

एकच लेखन आणि दोन मुळे म्हणजे काय, हे रसायनशास्त्राच्या इतिहासातील दोन नावांवरून फार स्पष्ट दिसते. मूलद्रव्यांच्या आवर्ती मांडणीत मेंडेलीव्ह यांच्याबरोबर ज्यांचे नाव घेतले जाते ते लोथार मायर ओल्डेनबुर्ग भागातील फारेल गावच्या प्रोटेस्टंट डॉक्टरच्या घरात १८३० मध्ये जन्मले. थायोफीन या संयुगाचा शोध लावणारे आणि पुढे हायडेलबर्गला प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांच्या जागी आलेले व्हिक्टर मायर बर्लिनच्या ज्यू कुटुंबात १८४८ मध्ये जन्मले. दोघे एकाच काळातले, एकाच विषयातले, एकाच देशात प्राध्यापक. ग्रंथालयाच्या सूचीत त्यांची आडनावे अक्षरशः सारखी आहेत. त्या आडनावावरून दोघांच्या वंशाविषयी आपण काय सांगाल?

हा प्रश्न मी वादासाठी विचारत नाही. नावावरून माणसाचा वंश ठरवण्याचा ध्यास ज्या राजवटीने सर्वांत क्रूरपणे घेतला, तिलाही हे जमले नाही. १७ ऑगस्ट १९३८ च्या फर्मानाने नाझी सरकारने, ठरावीक यादीतले नाव नसलेल्या ज्यू पुरुषांना आपल्या नावापुढे ‘इस्रायल’ आणि स्त्रियांना ‘सारा’ जोडायला भाग पाडले. मायरसारखी आडनावे दोन्ही समाजांत होती, म्हणूनच अशा सक्तीची गरज भासली. कोणाला ज्यू ठरवायचे यासाठीही त्यांनी आजी-आजोबांच्या धर्माच्या नोंदी तपासल्या. या इतिहासामुळेच मला हा विषय ढिलेपणाने मांडलेला पाहवत नाही.

आपल्या परिचितांच्या अहवालाकडे वळतो. ४८ टक्के अश्केनाझी याचा सर्वांत सरळ अर्थ असा की त्यांच्या आई-वडिलांपैकी एक जण अश्केनाझी आहे. तो कोण, हे त्या आकड्यात लिहिलेले नाही. आडनाव वडिलांकडून आले आणि आई ज्यू असेल, तर ‘मायर’ हे ख्रिस्ती जर्मन बाजूचे, म्हणजे आपण म्हणता त्या लॅटिन मुळाचेच ठरेल. अहवाल आडनावाबद्दल काहीच सांगत नाही. तो सगळ्या पूर्वजांच्या वारशाची एकत्र बेरीज सांगतो. दहा पिढ्या मागे गेलो तर वंशवृक्षात १०२४ जागा असतात, आणि आडनाव त्यांतल्या फक्त एका जागेवरून आलेले असते.

अश्केनाझी वंश चाचणीत इतका ठळक का उमटतो, याचे कारण मात्र जाणून घेण्यासारखे आहे. २०१४ मध्ये १२८ अश्केनाझी व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासातून असे दिसले की सुमारे २५ ते ३२ पिढ्यांपूर्वी हा समाज अतिशय आकुंचन पावला होता. आजच्या जनुकीय वारशाचा हिशेब जेमतेम ३५० माणसांच्या गटापर्यंत पोहोचतो. तो वारसा मध्यपूर्व आणि युरोप अशा दोन्हींकडचा आहे. याला पुढे जर्मनीतील एरफुर्ट शहरातल्या जुन्या कबरींनी दुजोरा दिला. तेथे ज्यूंना १४५४ मध्ये हाकलल्यानंतर त्यांच्या कबरस्तानावर धान्याचे कोठार बांधले गेले होते. २०१३ मध्ये त्या जागी वाहनतळाचे काम निघाले तेव्हा कबरी उघड्या पडल्या. स्थानिक ज्यू समाजाने फक्त जबड्यापासून सुटे झालेले दात तपासण्यास संमती दिली. चौदाव्या शतकातील ३३ जणांच्या अशा दातांमधून डीएनए मिळाला, आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ते आकुंचन तेव्हाच होऊन गेले होते, आणि त्या ३३ पैकी सुमारे एक तृतीयांश व्यक्ती मातृपरंपरेने एकाच स्त्रीच्या वंशज होत्या. त्यांपैकी कोणालाही आजच्या अर्थाने आडनाव नव्हते.

‘मग पितृपरंपरेने जाणारे वाय गुणसूत्र तरी आडनावाबरोबर जात असेल’, असे आपण म्हणाल. दुर्मीळ आडनावांत ते काही प्रमाणात जातेही. ब्रिटनमध्ये लेस्टरच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की विरळ आडनावाच्या पुरुषांत समान वाय गुणसूत्र बरेचदा आढळते, पण स्मिथसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या आडनावात ते साम्य उरत नाही. मायर हे जर्मनीचे स्मिथच आहे. त्यात जर्मनीतील वेस्टफालिया प्रांताची एक प्रथा ध्यानात घ्यावी: तेथे नाव शेतघराचे असे, आणि जो पुरुष लग्न करून त्या शेतघरात राहायला येई, तो आपले आडनाव टाकून शेतघराचे नाव घेई. म्हणजे ‘मायर’ शेतावर चारशे वर्षे मायरच नांदले, आणि पितृपरंपरा मात्र मध्येच कितीदा तरी बदलली.

खजरांविषयी. कॅस्पियन आणि काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील या राज्याच्या सत्ताधाऱ्यांनी ज्यू धर्म स्वीकारला, असे जुने उल्लेख आहेत. त्यावरून सगळे अश्केनाझी खजर ठरवण्याला जनुकीय पुरावा मिळालेला नाही. २०१३ मध्ये त्या प्रदेशातील लोकांचे नमुने घेऊन केलेल्या मोठ्या तुलनेतही तो मिळाला नाही. आपण ‘आर१ए’ या वाय गुणसूत्राच्या गटाचा दाखला दिला आहे. अश्केनाझी लेवींपैकी (लेवी म्हणजे पुरोहितांना साहाय्य करणारी वंशपरंपरागत घराणी) निम्म्याच्या आसपास पुरुषांत हा गट आढळतो आणि २००३ मध्ये तो पूर्व युरोपातून आला असावा असे वाटले होते, हे खरे. परंतु पुढे अधिक बारकाईने पाहिल्यावर त्यांची उपशाखा पोलिश-रशियन शाखांहून वेगळी आणि मध्यपूर्वेशी नाते सांगणारी निघाली. ती ज्या मोठ्या शाखेतून फुटते, तिच्याच इतर फांद्या भारतात विपुल आहेत. गटाच्या नुसत्या नावावरून निष्कर्ष काढायचा तर लेवींना भारतीयही म्हणता येईल, आणि ते आपणही म्हणणार नाही.

कोकणातील दिवेकर हे आडनाव आपल्या ओळखीचे असेलच. ते चित्पावनांत आहे आणि बेने इस्रायल या कोकणातील ज्यू समाजातही आहे. १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) उभारणारे सॅम्युएल दिवेकर याच समाजाचे. आडनाव दिवे गावाचा पत्ता देते. बेने इस्रायलांच्या वंशात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही धागे आहेत, हे २०१६ मध्ये डीएनए तपासल्यावर दिसले. ‘दिवेकर’ या चार अक्षरांतून ते कधीच कळले नसते.

आपल्या परिचितांना खरोखर शोध घ्यायचा असेल, तर टक्केवारी बाजूला ठेवून त्यांनी वडिलांच्या बाजूचे मूळ गाव शोधावे. तेथील पूर्वज चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवहीत सापडतात, की ज्यूंनी आडनाव घेतल्याच्या सरकारी यादीत, यावर बरेच ठरेल. त्या यादीत जुने आणि नवे नाव बहुधा शेजारीशेजारी असते. कबर सापडली तर हिब्रू मजकूर नीट वाचून घ्यावा: तेथे आडनावाऐवजी अमक्याचा मुलगा अमका असे लिहिलेले असते, बोटे फाकवलेले दोन हात कोरलेले असतील तर घराणे कोहेनांचे, म्हणजे पुरोहितांचे, पाण्याची झारी असेल तर लेवींचे. त्या दगडावर ‘मेईरचा मुलगा’ असे आढळले, तर कृपया मला जरूर कळवावे. त्यांची परवानगी असल्यास ती नोंद मी लेखात जोडेन.