मॅडम, तुमचा नंबर आम्ही विकलेला नाही

नमस्कार मॅडम, आमच्याकडून डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेतल्यानंतर तुम्हाला जो त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. दिवसभर अनोळखी माणसं फोन करून वेबसाइट बनवून देऊ का, लोगो करून देऊ का विचारतात आणि त्यातल्या एकाला तर घरचा पत्ता पाठ असतो, यात कोणीही घाबरेल, आणि तुम्ही तर घरूनच काम करता. राग समजतो. पण एक स्टार देऊन तुम्ही जे लिहिलंय की "डोमेन घेतल्या घेतल्या फोन सुरू झाले म्हणजे यांनीच नंबर विकला, प्रायव्हसी फ्री वगैरे सगळं नुसतं नावाला", ते वाचून खरं सांगतो काल कामात लक्ष लागलं नाही. आम्ही लहान माणसं आहोत, जाहिरातीला पैसे नाहीत, नवीन गिऱ्हाईक आधी हे रिव्ह्यूच वाचतं आणि मग ठरवतं.

बाकी जे लिहिलंय ते लिहा, सपोर्टने उत्तर उशिरा दिलं म्हणालात, असेल, त्यावर वाद घालत नाही. पण "घेतल्या घेतल्या" हे तसं झालेलंच नाहीये. आमच्याकडे प्रायव्हसी, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदीत तुमची माहिती झाकून ठेवायची सोय, ऑर्डरबरोबर आपोआप लागते, वेगळे पैसे नाहीत, कुठे टिक करायची पण गरज नाही. त्या दिवशी कोणी तुमचं डोमेन तपासलं असतं तर तुमच्या नावाच्या जागी प्रायव्हसी सर्व्हिसचं नाव, त्यांचाच पत्ता आणि अक्षरं-आकडे मिसळलेला एक फॉरवर्डिंग ईमेल दिसला असता, बास. त्यानंतर तुम्ही नेमसर्व्हर, म्हणजे डोमेन साइटला जोडायची सेटिंग, विचारलेत, मेल सेट करून घेतलात, आमच्याशी बोलणं चालू होतं आणि तेव्हा फोनबद्दल अवाक्षर नाही. मग बऱ्याच दिवसांनी एका रात्री तुमच्या खात्याच्या पॅनेलमधलं "माझी माहिती जाहीर दाखवा" हे बटन चालू झालं. ते आम्ही आमच्या बाजूने चालू करू शकत नाही मॅडम, त्याला तुमच्या मोबाईलवर येणारा ओटीपी लागतो आणि चालू झालं की तुमच्या ईमेलवर तसं कळवलं जातं. दोन्ही गेलेत. आणि तुमची पहिली तक्रार त्याच्यानंतरची आहे, आधीची नाही.

तुम्ही डोमेनच्या जाहीर नोंदीचा जो स्क्रीनशॉट टाकलाय त्यातच बघा, खाली "क्रिएटेड" आणि "अपडेटेड" अशा दोन तारखा आहेत आणि त्या वेगळ्या आहेत. आता कोणी जाणकार म्हणेल की नेमसर्व्हर बदलला तरी अपडेटेडची तारीख बदलते, बरोबर आहे, म्हणून मी फक्त तिच्यावर बोलत नाहीये, आमच्याकडे पूर्ण लॉग, म्हणजे कधी काय केलं त्याची नोंद, आहे, वेळ, आयपी, सगळं. इथे टाकला असता तर दोन मिनिटात विषय संपला असता. पण प्रायव्हसीच्या तक्रारीला उत्तर म्हणून गिऱ्हाइकाचा लॉग चारचौघात टाकायचा हे माझ्याच्याने होणार नाही, तुमच्या तिकिटावर पाठवलाय, तो तरी उघडून बघा.

आणि बटन कशासाठी चालू झालं असावं, तर चॅटवर तुम्हीच म्हणाला होतात की एका एसइओवाल्याने सांगितलं, मालकाचं नाव उघड दिसलं की साइट गुगलवर वर येते. त्या भल्या माणसाला काय म्हणू. युरोपचा खासगी माहिती जपण्याचा कायदा जीडीपीआर 25 मे 2018 ला लागू झाला, त्याच्या आठवडाभर आधी डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेने तात्पुरता नियम काढला, आणि तेव्हापासून बहुतेक मोठ्या रजिस्ट्रारांनी, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपन्यांनी, डॉट कॉमसारख्या डोमेनवर लोकांची नावं-पत्ते झाकून टाकलेत, प्रायव्हसी सर्व्हिस घेतली असो वा नसो. मालकाने स्वतः परवानगी दिली तरच उघड करायचं. म्हणजे निम्मं जग झाकलेलं असताना नाव दिसत नाही म्हणून गुगल तुम्हाला मागे ढकलेल, हे पटतं का तुम्हीच सांगा.

आता "बटन बंद केलं तरी फोन येतायत" हा तुमचा मुद्दा, तो खरा आहे आणि त्याचं मलाही वाईट वाटतं. डोमेन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारं हूइज म्हणा किंवा आता त्याच्या जागी आलेलं आरडॅप म्हणा, ती उघडी माहिती आहे, कोणीही विचारावं आणि उत्तर मिळावं. नवीन डोमेन शोधत सतत फिरणारे प्रोग्राम असतात आणि जुन्या नोंदी साठवून विकणाऱ्या कंपन्या पण असतात. थोडा वेळ जरी माहिती उघडी राहिली तरी ती त्यांच्याकडे कॉपी होते, नंतर इथे झाकून तिथली कॉपी जात नाही. त्या कंपन्यांना काढून टाका म्हणून लिहिता येतं, काही ऐकतात, काही नाही. पत्र कसं लिहायचं ते आम्ही करून देऊ, त्याचे पैसे घेणार नाही. आणि जाता जाता, राग मानू नका, पण तोच मोबाईल तुमच्या साइटच्या संपर्क पानावर मोठ्या अक्षरात आहे. तिथून उचलायला हूइज पण लागत नाही. तिथे नुसता फॉर्म ठेवा, किंवा धंद्यासाठी वेगळं सिम घ्या.

एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका. तुम्ही शेवटी लिहिलंय की "आधी माहीत असतं तर खोटा पत्ता टाकला असता". हे वाचून दुसरं कोणी तसं करेल म्हणून सांगतो, डोमेन जाईल. नवीन नोंदणी झाली की 15 दिवसात ईमेल किंवा फोन व्हेरिफाय करावा लागतो, नाहीतर डोमेन बंद पडू शकतं, आणि मुद्दाम खोटी माहिती दिली हे निघालं तर रद्दच होऊ शकतं. उद्या कोणी वाद काढला, पासवर्ड हरवला, तर मालक तुम्हीच हे कशावर सिद्ध करणार? खरी माहिती आमच्याकडे द्या आणि बाहेर झाकून ठेवा, प्रायव्हसी असते ती याच्यासाठीच. कोर्टाचा किंवा तपास यंत्रणेचा रीतसर आदेश आला तर ती द्यावी लागते, पण फोनवर लोगो विकणाऱ्याला नाही. आणि काही एक्स्टेन्शनना, म्हणजे नावातल्या डॉटनंतरच्या शेवटच्या भागाला, प्रायव्हसी चालतच नाही, डॉट यूएसला 2005 मध्येच तशी नोंदणी बंद केली, म्हणून आम्ही विकत घेण्याआधी त्या पानावर तसं लिहितो. तुमचं त्यातलं नाहीये.

रिफंडचं, तुम्ही म्हणता लुबाडलं. डॉट कॉमचे पैसे आमच्या खिशात राहत नाहीत, बराचसा भाग वर रजिस्ट्रीला, म्हणजे सगळ्या डॉट कॉमची मुख्य यादी सांभाळणाऱ्या कंपनीला, जातो, आणि नोंदणीनंतर पहिले 5 दिवस असतात तेवढ्यात डोमेन रद्द केलं तरच वरून परत मिळतात. तुमची मागणी त्याच्या खूप नंतर आली. आमचा मार्जिन सांगितला तर हसाल. तरी होस्टिंगमध्ये काही ॲडजस्ट करता येतंय का बघतो, शब्द देत नाही.

ते बटन जरा जास्त सोपं आहे असं आमच्या डेव्हलपरला पण वाटतंय, तिथे लाल अक्षरात सूचना टाकायचं चाललंय, सपोर्टच्या वेळेचंही काहीतरी करतो. स्टार वाढवा असं म्हणणार नाही, तो तुमचा हक्क आहे, फक्त लॉग बघून पटलं तर "विकला" एवढं तरी काढा.

आणि मॅडम, हे आधी करा. रिव्ह्यूला जोडलेल्या त्या स्क्रीनशॉटमध्ये तुमचा मोबाईल आणि घरचा पत्ता पूर्ण वाचता येतोय. मी दोनदा रिपोर्ट केलाय पण फोटो आम्हाला काढता येत नाही, तुम्हालाच काढावा लागेल.