मायचे कष्ट, सातबारा आणि एक प्रतिक्रिया

ताई, नमस्कार.

मायच्या वर्षश्राद्धाला मी लेख टाकला, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली आणि दोन-चार वाचकांनी उलट तुम्हालाच सुनावलं. त्यांना माझी विनंती आहे, मला माझं उत्तर देऊ द्या. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या पोरांना रानात राबावं लागलं नाही त्यांना आईचे कष्ट गोड लागतात. तुमची आई केज तालुक्यात अशीच झिजली आणि तिच्यावर कुणी लेख लिहिला नाही. माझ्या लेखातली माय उठल्यापासून निजेपर्यंत राबते, पण जमीन कुणाच्या नावावर होती ते कुठेच येत नाही. शेवटी तुम्ही लिहिलंय, "बाई मेल्यावर तिला देवी करायची ही बाप्यांची जुनी खोड आहे."

खोड जुनी आहे, यात वाद नाही. पण आमच्या मायला देवी करायचं कुणी मनावर घेतलं तरी ते जमणार नाही. ती स्वयंपाकात कच्ची होती. भाकरी जाड, कडेला करपलेली, आणि कालवणात मीठ कधी दुप्पट तर कधी अजिबात नाही. "हाताला चव" वगैरे जे सगळे लिहितात ते आमच्या घरी आत्याच्या वाट्याचं. आम्हा लेकरांना आत्याच्या हवाली करून माय सकाळीच रानात जायची आणि तिला त्यात कसलाही अपराध वाटत नसे. तोंडही फटकळ होतं. चुलत्यांशी बांधावरून भांडण झालं की पुढचे सहा महिने ती त्या घरचं पाणी प्यायची नाही, आणि आम्हीही प्यायचं नाही असा हुकूम.

तुमच्याशी माझा मतभेद वेगळ्याच जागी आहे. तुमच्या प्रतिक्रियेत माय फक्त वाकलेली पाठ म्हणून येते. ती शेतकरी होती हे तुम्ही विसरता. अहो, गावानंही तेच केलं.

मृगाची पेरणी आठवा. पुढे बाबा तिफण हाकायचे, मागे दोरीनं बांधलेला सरता, म्हणजे बी सोडायची नळी, धरून माय चालायची. ओटीत तूर. डाव्या हातानं सरता सरळ ठेवायचा, उजव्या मुठीतून दाणे सोडायचे. मूठ सैल पडली तर रोपं दाटतात, आवळली तर नांगे, म्हणजे मोकळ्या जागा पडतात, आणि पाय तर ढेकळातून बैलांच्या चालीनं पडले पाहिजेत. एखाद्या तासाला, म्हणजे सरीला, बैल बिचकले तरी तिची ओळ तुटत नसे. आठ-दहा दिवसांनी उगवण झाली की पेरणी कुणाच्या हातची ते बांधावरूनच कळायचं. शेजारचे लोक तिला मुद्दाम मुठीला बोलवायचे. बी तिनंच राखलेलं असायचं. ज्वारी काढायच्या आधी ती एकटी रानात फिरून टपोरी कणसं निवडायची. तुरीचं बी राखेत घोळून मडक्यात, वरून कडुनिंबाचा पाला. बाबा गावात चांगले कुणबी म्हणून नावाजलेले होते. त्यातला निम्मा नावलौकिक मायचा होता, असं मी त्यांच्या देखत म्हटलं असतं तर ते हसले असते आणि मान्यही केलं असतं. सातबाऱ्यावर मात्र ते हसणं चढत नाही.

तिच्या बोलण्यात राज्यं बदलायची नाहीत, दुष्काळ बदलायचे. रझाकाराच्या वक्ताला शेळ्या राखत होते, एवढंच तिचं 1948. मराठवाडा 1956 ला मुंबई राज्यात गेला, 1960 ला महाराष्ट्र झाला, यातलं काही तिच्या आठवणीत नव्हतं. 1972 मात्र पुरतं होतं. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, लेकरांना सुकडीचं पौष्टिक पीठ, आणि पाझर तलावाच्या कामावर खडी फोडणं. मजुरी ब्रासवर, म्हणजे फोडलेल्या खडीच्या मापावर. मुकादमाच्या टेपात ढिगारा दर आठवड्याला थोडा कमीच भरायचा. मायला वाचता येत नव्हतं. तिनं घरून वितीनं मापलेली काठी आणली, ढीग स्वतः मोजला आणि मुकादमाला सगळ्या बायांसमोर पुन्हा टेप लावायला लावला. पुढच्या आठवड्यापासून बाकीच्या बायाही काठी घेऊन यायला लागल्या. ही गोष्ट तिनं आम्हाला सांगितली ती अशी, "टेप त्याची, पर खडी माझी हाय की!"

ती दमत नव्हती असं मी कुठेही लिहिलेलं नाही. दमायची, चिडायची, आणि पहाटे जात्यावर सासूला ऐकू जाईल असं ओवीत म्हणायचीही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रभर फिरून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यात पंढरपूर आणि भाऊराया भरपूर आहेत, पण बाईच्या जन्माबद्दलचं गाऱ्हाणंही उघड आहे. बायांना आपलं दुःख कळत नव्हतं, ते आपण शिकलेल्यांनी येऊन सांगितलं, असा सूर तुमच्या प्रतिक्रियेतून मला तरी ऐकू आला. तसं नसेल तर आनंद आहे.

तिचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. नव्वदीच्या दशकात आमच्या लातूर भागात सोयाबीन आलं. मायचा ठाम विरोध. "पैसा येईल, पर बैलानं काय नोटा खायच्या का?" ज्वारी गेली तर कडबा जाणार हे तिनं नेमकं ओळखलं होतं. कडबा गेला, मग बैल गेले, पेरणी ट्रॅक्टरवर आली आणि तिची मूठ रिकामी झाली. पण धाकट्या बहिणीचं डी.एड. त्याच सोयाबीनच्या पैशावर झालं. यावर माय-लेकींचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही आणि मीही निकाल देत नाही.

आता जमीन. तुमचा हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे, म्हणून नीट सांगतो. बाबा होते तोवर एक गुंठाही मायच्या नावावर नव्हता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1986 ला चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन घेतलं, पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन करून द्यावी म्हणून गावोगाव सांगितलं. आमच्या गावात त्यावर पारावर चर्चा झाली, चहा झाला. 1994 च्या राज्याच्या कायद्यानं लेकींना वडिलोपार्जित जमिनीत लेकाबरोबरीचा हक्क दिला. पण नवरा जिवंत असताना त्याच्या रानात राबणाऱ्या बायकोला त्या कायद्यानं वाटा दिला नाही. तिला बहुतेक वेळा वारस व्हावं लागतं, म्हणजे आधी विधवा. मायचंही तसंच झालं. बाबा गेल्यावर वारसाच्या फेरफारात तिचं नाव आमच्याबरोबर लागलं आणि कुंकू गेल्यावर ती कागदावर शेतकरी झाली. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या शेतखातेदारांत बाया सुमारे 14 टक्केच आहेत. त्यातल्या कितीजणींचं नाव असंच मागच्या दारानं आलं असेल, विचार करा.

आणि तुम्ही विचारलं नसलं तरी सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच असणार. बहिणींची हक्कसोड, म्हणजे वाटा सोडल्याचा कागद, घेतलेली नाही. नातेवाइकांनी सुचवलं होतं, "बहिणींना काय करायची जमीन, साडी-चोळी करा," असं. माय तेव्हा होती. तिनं त्या पाहुण्यांना चहा न देता वाटेला लावलं. दोघींची नावं सातबाऱ्यावर आहेत आणि धाकटीनं यंदा तिच्या वाट्याला ज्वारी पेरली आहे. सोयाबीनच्या पैशावर शिकलेली हीच.

तुमच्या आईबद्दल मात्र तुम्ही एकच ओळ लिहिलीत. झिजली म्हणता, पण ती काय पेरायची, कुणाशी भांडायची, कशाला नाही म्हणाली? तेही लिहा. आणि त्या गावचा सातबारा आता फोनवर दिसतो. उघडून बघा, तिचं नाव त्यावर आहे का आणि तुमचं आहे का. इथंच खाली कळवा.