देखण्या संकेतस्थळासाठी काही हितोपदेश

संकेतस्थळ वापरण्यासाठी असते, हा गैरसमज आपण सर्वप्रथम मनातून काढून टाकावा. ते बैठकीत, मोठ्या पडद्यावर, वरिष्ठांना दाखवण्यासाठी असते. आणि तिथे कोणीही अर्ज भरून पाहत नाही, हीच आपली मोठी सोय आहे.

अक्षरे फिकट राखाडी ठेवावीत, म्हणजे पांढरे पान कसे तलम दिसते. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, असावा, असे वेब सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे २००८ पासून सांगत आली आहेत. मात्र चष्म्याचा नंबर तपासून घेणे ही वापरकर्त्याची जबाबदारी असल्याने आपण त्यात पडू नये.

खरी कला दिसते ती अर्जात. रकान्यांवरची नावे काढून ती रकान्यांच्या आतच पुसट अक्षरांत लिहावीत, म्हणजे पहिले अक्षर टंकताच नाव अदृश्य होईल आणि मध्येच फोन घेऊन परतलेला माणूस आपण नेमके काय भरत होतो याचा विचार करत बसेल. बटण बटणासारखे दिसणे ग्राम्य समजावे. चूक झालीच, तर कोणत्या रकान्यात ती झाली हे न सांगता ‘काहीतरी चुकले’ एवढेच नम्रपणे कळवावे आणि भरलेली सगळी माहिती पुसून टाकावी, कारण रिकामा अर्ज नेहमीच अधिक सुंदर दिसतो.

कोणी हरकत घेतल्यास संशोधनाचा दाखला द्यावा. १९९५ साली कुरोसू आणि काशिमुरा या जपानी संशोधकांनी एटीएमच्या पडद्यावरील बटणांच्या २६ मांडण्या लोकांपुढे ठेवल्या, तेव्हा देखणी मांडणी लोकांना वापरायलाही सोपी वाटत असल्याचे त्यांना आढळले. प्रत्यक्षात ती तितकी सोपी होती का, हा प्रश्न कोणी विचारण्याआधी पुढची स्लाइड लावावी.

मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, असे गुगलचे म्हणणे आहे. आपण तेवढ्या वेळात बोधचिन्ह गोल फिरवावे. चाचणी मात्र कार्यालयातील सर्वांत नव्या फोनवर आणि सर्वांत वेगवान वायफायवरच घ्यावी. (जुना फोन वापरणारे लोक आपल्या सादरीकरणात कुठेच नसतात.)

एवढे करूनही तक्रारी येऊ लागल्या, तर उजव्या कोपऱ्यात एक गोलमटोल हसरा चॅटबॉट बसवावा. लहान पडद्यावर तो नेमका ‘पाठवा’ या बटणावर येऊन बसतो आणि तक्रारींचा ओघ आपोआप आटतो.